एका बटणाचा मेनू

भुकूमच्या वरच्या आळीत रत्नाबाईंच्या घरामागं भाड्याच्या खोल्यांची रांग आहे. पौड रस्त्याकडची जमीन विकली तेव्हा आप्पांनी, म्हणजे रत्नाबाईंच्या मालकांनी, त्या बांधून घेतल्या. हिंजवडीला, पिरंगुटला कामाला जाणारी पोरं तिथं राहतात, दोन-तीन वर्षं काढतात आणि निघून जातात. पहिली खोली मात्र कधी कुणाला दिली नाही. तिच्या दाराला पायरी नव्हती, सिमेंटची उतरण होती आणि दारही चाकाची खुर्ची जाईल एवढं रुंद होतं. ती दिग्विजयची खोली.

दिग्विजयला घरात दिगू म्हणत. पाचवीपर्यंत तो स्वतःच्या पायानं शाळेत गेला. मग वाटेत पडायला लागला, उठताना गुडघ्यांवर हात रोवून उठायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, आधी पाय जातील, मग हात, मग छाती. हा आजार आईकडून मुलाकडे येतो, हेही ते बोलता बोलता सांगून गेले. त्या दिवसानंतर रत्नाबाईंनी कुणाच्या बारशाला जायचं सोडलं. विचारलं तर म्हणायच्या, घरातनं निघणं होत न्हाई.

अपूर्वा दिगूची थोरली बहीण. ती इंजिनिअर झाली, हिंजवडीतल्या एका कंपनीत लागली आणि रोज स्कूटरवरून घोटावडे, माणमार्गे ये-जा करू लागली. तिच्याबरोबरच्या पोरींनी बाणेरला फ्लॅट घेतले, लग्नं केली. तिच्यासाठीही स्थळं आली. पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि मागच्या खोलीत कोण राहतं हे कळलं की पुन्हा त्यांचा निरोप यायचा नाही. अपूर्वाला त्याचं फार काही वाटायचं नाही. निदान ती तसं दाखवायची नाही.

घरात व्हिडिओ गेम आला तो शैलेशमुळं. शैलेश तिसऱ्या खोलीतला भाडेकरू, लातूरकडचा. त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा जुना कन्सोल होता, आणि त्यानं तो ‘फोडलेला’ होता. म्हणजे बनवणाऱ्या कंपनीनं घातलेलं कुलूप काढून टाकलेलं. आता त्यावर कुणीही लिहिलेला प्रोग्राम चालायचा. चालू केल्यावर समोर येणारा मूळचा मेनूही त्यानं उडवला होता आणि जगाच्या पाठीवर कुणीतरी हौसेनं लिहिलेला दुसराच मेनू बसवला होता. संध्याकाळी कामावरून आला की तो दिगूच्या खोलीत बसायचा आणि दोघं शर्यती लावायचे. त्याला बंगलोरला नोकरी मिळाली तेव्हा तो कन्सोल दिगूपाशी ठेवून गेला. जाताना अपूर्वाला म्हणाला, ह्या मेनूचा कोड उघडा आहे, तुला पाहिजे तसा बदलता येईल.

अपूर्वा कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासायची. स्वतःचं असं तिनं काही लिहिलं नव्हतं. तिनं सुट्टीच्या दिवशी तो कोड उघडला आणि दिगूला विचारलं, काय बदलायचं? दिगू म्हणाला, मराठी कर. आणि पुस्तकातली नको, आपली.

मग तो एकेक शब्द सांगत गेला आणि ती लिहीत गेली. गेम उघडताना ‘लोडिंग’ यायचं तिथं त्यानं घालायला लावलं, ‘थांब जरा, येतुया.’ बंद करताना यंत्र विचारायचं, ‘बास का?’ खाली दोन चौकोन, ‘व्हय’ आणि ‘न्हाई’. त्या जुन्या डब्याला मराठी अक्षरं जोडता येत नव्हती. ‘शर्यत’ लिहिलं की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा, ‘क्रिकेट’मधला क तुटून पडायचा. शेवटी अपूर्वानं प्रत्येक शब्दाचं चित्र काढलं आणि अक्षरांच्या जागी ती चित्रं बसवली. मेनूच्या मागं ताम्हिणीच्या घाटाचा फोटो लावला. दिगूला एकदाच तिथं नेलं होतं, आप्पांनी पाठीवर घेऊन. पहिल्यांदा सगळं नीट दिसलं तेव्हा रत्नाबाईही पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या आणि अक्षर अक्षर लावत वाचून हसल्या. अपूर्वाला ती संध्याकाळ पुढं फार दिवस पुरली.

दिगूचा एक मित्र होता, साहिल. शाळेपासूनचा. पिरंगुटला एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता आणि दर रविवारी न चुकता यायचा. दोघं टीव्हीवर गाड्यांची शर्यत लावायचे आणि दिगू बहुतेक वेळा जिंकायचा. जिंकला की आठवडाभर तेच सांगायचा. त्याच्या बोलण्यात गाडीचा गिअर, घाटातलं वळण, मागून आलेला साहिल असं सगळं असायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, हा खरंच कुठंतरी जाऊन आलाय.

हात जायला लागले ते अठराव्या वर्षानंतर. आधी कंट्रोलरच्या वरच्या बाजूची बटणं दाबेनात. अपूर्वानं ती कामं खालच्या बटणांवर आणली. मग गाडी वळवायची दांडी हलवता येईना, तर तिनं दांडीचं कामही बटणाला दिलं. दर दोन-चार महिन्यांनी काहीतरी सुटायचं आणि ती मेनू पुन्हा उघडून बसायची. शेवटी उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. तेव्हा तिनं सगळा मेनू एका बटणावर आणला. पडद्यावर एक पिवळी चौकट आपली आपण एका गेमवरून दुसऱ्यावर सरकत जायची. पाहिजे त्यावर आली की दिगूनं बटण दाबायचं. शर्यतीत गाडी स्वतः पळायची. बटण दाबलं की उजवीकडं वळायची, सोडलं की डावीकडं. एवढ्यावरही तो शिकला. महिनाभर रोज झाडांवर आदळत होता, पण शिकला.

मग अंगठाही मंद झाला. चौकट पुढं निघून गेल्यावर बटण दाबलं जायचं. अपूर्वानं चौकट हळू केली, मग आणखी हळू. शर्यतीत मात्र हळू करायला काही नव्हतं. दिगू हरायला लागला. नुसता हरायचा नाही, तर बाकीच्या गाड्या पोचून जायच्या आणि तो अजून अर्ध्या वाटेत असायचा. साहिल मुद्दाम रेंगाळतोय असं वाटलं की चिडायचा. आठवडाभराचं सांगणं बंद झालं. जेवणही कमी झालं. रत्नाबाई घास घेऊन बसायच्या आणि तो मान फिरवायचा.

दिवाळीच्या सुट्टीत अपूर्वानं त्या मेनूत एक गोष्ट घातली आणि कुणाला सांगितली नाही. दिगूनं शर्यत निवडली की गेम उघडायच्या आधी मेनूच त्यात थोडा फेरफार करून ठेवायचा. दिगूची गाडी रस्ता सोडायची नाही. त्यानं बटण उशिरा दाबलं तरी वळणावर स्वतः वळायची. इतर गाड्या शेवटच्या फेरीत किंचित मागं पडायच्या, आणि त्यात साहिलचीही. फार नाही, कुणाला कळणार नाही इतपत.

पाडव्याला दिगू दुसरा आला. भाऊबिजेला पहिला. त्या दिवशी त्यानं आईकडून ओवाळून घेतलं, बहिणीकडून घेतलं आणि वर साहिलला फोन लावायला सांगून त्याला चिडवलं. पुढच्या रविवारी साहिलला समोर बसवून हरवला. मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. रत्नाबाई भाकरी थापता थापता थांबल्या आणि म्हणाल्या, “माझ्या लेकराच्या हातात परत जीव आला गं.” अपूर्वा तव्यावरची भाकरी उलटून तिथंच उभी राहिली.

तो सगळा हिवाळा बरा गेला. दिगू दोन घास जास्त खायचा. श्वासासाठी डॉक्टरांनी मशीन दिलं होतं, ते रात्रीच लागायचं. अपूर्वाला कधी कधी आतून टोचायचं. मग ती मनाशी म्हणायची, कुणाचं काय गेलं?

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती कामावरून आली तर दिगूच्या खोलीत टीव्ही बंद होता. तो खुर्चीत दाराकडं तोंड करून बसला होता. तिनं हेल्मेट काढलं, काय झालं म्हणून विचारलं.

“ताई, दुपारी मला झोप लागली,” तो म्हणाला. “शर्यत चालू व्हती. अंगठा बटणावरनं खाली घसरला व्हता. जाग आली तवा गाडी पहिली आली व्हती.”

अपूर्वानं हेल्मेट खाली ठेवलं.

“मग मी आईला सांगितलं, परत लाव. लावली. मी बटणाला हातच लावला न्हाई. बघत बसलो. तरी पहिली आली.” त्याला एका दमात एवढं बोलवत नव्हतं. तो थांबला, श्वास घेतला. “कवापासनं?”

खोटं बोलावं असं तिला वाटलं. यंत्र बिघडलंय म्हणावं, बघते म्हणावं. पण तो तिच्याकडे असा बघत होता की तिला ते जमलं नाही.

“दिवाळीपासून.”

दिगूनं मान हलवली. जणू तो हिशोब त्यानंही करून ठेवला होता. “म्हंजी दिवाळीपासनं मी खेळलोच न्हाई,” तो म्हणाला.

तिनं समजावायचा प्रयत्न केला. तू जेवत नव्हतास, आई रडायची, मला दुसरं सुचलं नाही, असं बरंच काही ती बोलली. त्यानं ऐकून घेतलं आणि आईला हाक मारून खुर्ची भिंतीकडं फिरवायला सांगितली.

रविवारी साहिल आला तेव्हा दिगूनं त्याला स्वतःच सगळं सांगितलं. अपूर्वा दाराबाहेर उभी होती. साहिल म्हणाला, मला वाटलं माझाच कंट्रोलर खराब झालाय, पगार झाला की नवा घेणार होतो. दिगू हसला नाही. म्हणाला, मी तुला चिडवलं त्याचं वाईट वाटून घेऊ नको. साहिल जाताना अपूर्वाच्या समोरून गेला आणि नेहमीसारखं ‘येतो ताई’ म्हणाला नाही.

मग दिगू बहिणीशी बोलेनासा झाला. पाणी पाहिजे, पंखा बंद कर, सगळं आईमार्फत. अपूर्वानं तो फेरफार दिगूनं विचारलं त्याच संध्याकाळी काढून टाकला होता, पण टीव्ही कुणी लावलाच नाही. रत्नाबाईंना त्यात एवढं बिनसण्यासारखं काय ते कळत नव्हतं. त्या एकदा अपूर्वाला म्हणाल्या, “जिंकत व्हता तर जिंकू द्यायचं. त्यात काय वंगाळ केलंस तू?” आईनं असं बाजूनं बोललेलं अपूर्वाला जास्तच लागलं.

होळी झाली. उन्हाळा लागला. एका शनिवारी दुपारी दिगूनंच तिला हाक मारली. म्हणाला, मेनू उघड.

ती शेजारी खुर्ची घेऊन बसली. लॅपटॉप मांडीवर, समोर टीव्ही.

“मला जे खेळता येत न्हाई ते सगळं काढ,” दिगू म्हणाला.

तिनं एकेका गेमचं नाव वाचायला सुरुवात केली. कुस्ती. काढ. फुटबॉल. काढ. क्रिकेटपाशी तो जरा थांबला. बॅट फिरवायला एक बटण पुरतं, पण वेळेवर दाबावं लागतं. काढ. काही गेम शैलेशबरोबर रात्री जागून पुरे केलेले होते. काही कधी उघडलेच नव्हते, मोठेपणी खेळू म्हणून ठेवलेले. प्रत्येक नावाबरोबर तिनं हातानं काढलेलं एक चित्र पुसलं जात होतं. अर्ध्यातच तिला दिसेनासं झालं. तिनं डोळे पुसले आणि पुढचं नाव वाचलं.

मध्येच त्यानं विचारलं, “काढतीयास ना? का नुसतं लपवतीयास?”

ती खरंच लपवत होती. पुढं कधी लागलं तर असावं, म्हणून. ती मागं गेली आणि लपवलेलं सगळं पुसून टाकलं. नंतर लॅपटॉप त्याच्याकडं वळवून दाखवलं.

शेवटी दोनच राहिले. एक बुद्धिबळ, कारण त्यात कुणी घाई करत नाही. दुसरी ती शर्यत.

“शर्यत राहू दे?” तिनं विचारलं.

“राहू दे. जशी हाय तशी.”

त्याच दुपारी त्यानं ती लावली. गाडी पहिल्याच वळणावर झाडावर आदळली, परत रस्त्यावर आली, पुन्हा आदळली. बाकीच्या पोचून गेल्या तरी दिगू खेळत होता. दोघं अर्धा-पाऊण तास पडद्याकडं बघत बसली. गाडी शेवटच्या रेषेपाशी पोचली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला होता. पडद्यावर शेवटचा नंबर आला. तो म्हणाला, “मीच आणली.” आणि मग, फार दिवसांनी, “ताई, पाणी दे.”

रविवारी साहिल परत यायला लागला. तो पूर्ण वेगानं खेळायचा आणि दिगूला हरवायचा, आणि त्यावरून दोघांची भांडणं व्हायची. तो उन्हाळा असा गेला. अपूर्वाला वाटलं, अजून काही वर्षं अशी जातील.

श्रावणात दिगूच्या छातीत कफ झाला. आधी मशीन दिवसाही लागायला लागलं, मग पुण्याला हलवावं लागलं. दवाखान्यात आप्पा बाहेरच्या बाकावरून उठले नाहीत. रत्नाबाई काचेतून बघायच्या. अपूर्वाला आत जाऊ देत तेव्हा ती त्याच्या उजव्या हाताखाली आपला हात ठेवायची. तो अंगठ्यानं दाबायचा. एकदा, म्हणजे व्हय. दोनदा, म्हणजे न्हाई. नंतर नंतर दाबणं कळेना. पोळ्याच्या आधी दोन दिवस तो गेला.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि घर रिकामं झालं. एका दुपारी रत्नाबाई मागच्या खोलीत गेल्या आणि अपूर्वाला म्हणाल्या, ते लावून दाखव. तो दिवसभर काय बघायचा ते मला बघायचंय. अपूर्वानं टीव्ही लावला. घाटाचा फोटो आला, दोन नावं आली, पिवळी चौकट एकावरून दुसऱ्यावर सरकायला लागली. रत्नाबाईंनी कंट्रोलर हातात घेतला आणि अंगठा ठेवला. चौकट शर्यतीवर आली तेव्हा दाबला. पडद्यावर अक्षरं आली आणि त्यांनी ती सावकाश वाचली, थांब जरा, येतुया.

“बंद कर,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या खोलीला कुलूप लागलं. आप्पांनी एकदा खोली भाड्यानं द्यायचा विषय काढला होता, पुन्हा काढला नाही.

साहिलचा फोन आला तो पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर. पौडला त्याच्या ओळखीचे एक हाफीजभाई होते. सूसच्या एका इमारतीत वायरिंगचं काम करताना ते वरून पडले होते आणि मानेखालचं सगळं गेलं होतं. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. साहिलनं त्यांना दिगूच्या मेनूबद्दल सांगितलं होतं. तो चाचरत विचारत होता, ताई, तो मेनू तुझ्याकडे आहे का अजून?

अपूर्वानं दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग कुलूप काढलं, कन्सोल पुसून पिशवीत घातला आणि रविवारी स्कूटरवरून पौडला गेली. बाजारपेठेच्या मागं हाफीजभाईंचं घर होतं. खिडकीजवळ पलंग, पलंगासमोर टीव्ही. चाळिशीतला, दाढीत पांढरे केस आलेला माणूस, तिला बघून फक्त डोळ्यांनी हसला. तिनं त्या बोटाखाली बटण बसवलं, चौकटीचा वेग लावून दिला, कसं खेळायचं ते समजावलं. ते खेळले आणि झाडावर आदळले. पुन्हा खेळले. तासाभरानं त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यांची बायको मुनीरा तिला सोडायला दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, काही जमलं नाही की ते दोन दोन दिवस बोलत नाहीत. ते जिंकतील असं काही करता येतं का? त्यांना कळणार नाही असं?”

अपूर्वानं पायात चप्पल घातली होती. तिनं ती परत काढली.

“करता येतं,” ती म्हणाली. “पण त्यांना विचारूनच करीन.”

मुनीरा नको नको म्हणत होती, तरी ती आत गेली आणि पलंगाशेजारी बसली. तिनं जे होतं ते सांगितलं. गाडी आपली आपण वळेल, बाकीच्या मागं पडतील, तुम्ही पहिले याल, पण ती तुमची चाल नसेल. दिगूचं नाव तिनं घेतलं नाही. हाफीजभाई छताकडं बघत ऐकत होते. तिला वाटलं, ते रागावतील. निदान नको म्हणतील.

“करून द्या,” ते म्हणाले. “मला जिंकायचंय. खरं-खोटं माझं मी बघून घेतो. दिवसभर हितं पडून दुसरं काय बघायचंय मला?”

तिनं लॅपटॉप उघडला. जुना फेरफार तिला पुन्हा लिहावा लागला, कारण दिगूसाठी काढला तेव्हा तिनं तो कुठंच ठेवला नव्हता. नंतर ‘मदत चालू’ अशा दोन शब्दांचं चित्र काढलं आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बसवलं, त्यांना पलंगावरून दिसेल असं. पाहिजे तेव्हा ती बंद कशी करायची तेही दाखवलं. हाफीजभाईंनी शर्यत लावली आणि पहिले आले. मुनीरा स्वयंपाकघरातून धावत आली. ते हसत होते, आवाज न करता, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. मुनीरानं ते पदरानं टिपलं.

परतताना पिरंगुटच्या अलीकडं अपूर्वानं स्कूटर कडेला घेतली. गाड्या एकामागून एक पुण्याकडं जात होत्या. दिगूला तिनं कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तो न्हाईच म्हणाला असता, असं ती इतके महिने धरून चालली होती, आणि त्या भरवशावर स्वतःला दोष देणंही जमत होतं. आता तो काय म्हणाला असता तेही खात्रीनं सांगता येईना. कदाचित तोही म्हणाला असता, कर. कदाचित एक हिवाळाभर दोघं मिळून ते खोटं खेळली असती आणि हसली असती.

ती घरी पोचली तेव्हा रत्नाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, जमलं का? अपूर्वा म्हणाली, जमलं. कन्सोल तिथंच ठेवून आले. रत्नाबाईंनी मान हलवली आणि सूप थोडं तिच्याकडं सरकवलं. अपूर्वा शेजारी बसली आणि खडे वेचायला लागली.